आईच्या फोटोची उलटी फिल्म

शिगेकीदादा,

तू स्कॅनरची वायर शोधायला बाहेर पडलास आणि हॉस्पिटलमधून फोन आला. आईचं ऑपरेशन उद्या नाही, आजच दोन वाजता आहे. मी निघाले.

वायर मिळाली तरी उपयोग नाही. बाबांचा फिल्म स्कॅनर नव्या कॉम्प्युटरला दाद देत नाही. कपाटातून त्यांचाच जुना कॉम्प्युटर काढून जोडलाय. आधी स्कॅनर चालू कर, त्याची घरघर थांबू दे, मगच कॉम्प्युटर. घाई केलीस तर त्याला स्कॅनर दिसतच नाही.

आईचा फोटो मी स्कॅन करून पाहिला, पण गडबडीत फिल्म उलटी घातली गेली. पडद्यावर आईच्या किमोनोची उजवी बाजू डावीवर! प्रेताला नेसवतो तशी. एका क्लिकवर तो सरळ होतो, मलाही कळतं; पण तो फोटो घरात नको. पुसून टाक आणि फिल्मची चकचकीत बाजू वर ठेवून नव्याने कर.

काही बरंवाईट झालं तर अंत्यविधीत लावायचा फोटो स्वतःच पाहून निवडायचा, हा तिचाच हट्ट. "तुमच्यावर सोडलं तर डोळे मिटलेला लावाल," म्हणते.

आई हॉस्पिटलमध्ये आहे त्या दहा दिवसांत तू तिकडे एकदाही फिरकला नाहीस. त्यावर मी काही बोलत नाही. भाताचे गोळे झाकून ठेवलेत, खाऊन घे.

फोटो फोनवर पाठवू नकोस. छापून, स्वतः घेऊन ये, दोनच्या आत. तिचा चष्मा आत्ताच काढून घेतलाय म्हणे, त्यामुळे फोटो तिला दिसायचा नाही.

तरी ये.

सातोए