जादा एकही सुई नको

ती. ताई,

नमस्कार पोचला असं समज. वाकून करणार होतो, पण टेबलाभोवती कागदांचा असा ढीग पडलाय की वाकलो तर पुन्हा सापडायचो नाही. तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचा खोकला? निवृत्त झाल्यापासून तू दुपारची झोपतेस असं कळलं. (विश्वास बसला नाही. आमच्याच रुग्णालयाच्या मुलांच्या वॉर्डात तेहतीस वर्षं पायाला भिंगरी लावून फिरलेली नर्स दुपारी झोपेल कशी?)

तर आमची हकिकत. मुलांचा रक्ताचा कर्करोग बरा होऊनही काही जणांत पुन्हा का उलटतो, हे शोधायला निधी मिळावा म्हणून मी चार वर्षं दारं ठोठावतोय, हे तुला ठाऊकच आहे. शेवटी एका संस्थेने दार किलकिलं केलं आणि अट घातली की एकट्याने येऊ नका, भागीदार आणा. त्यांचंही बरोबर आहे, अशी मुलं एका ठिकाणी मूठभरच असतात. मग मी दोन प्रयोगशाळा गाठल्या. एकीचे प्रमुख जनुकांवर काम करतात, त्यांना आम्ही पाठीमागे कुलूपराव म्हणतो, कारण ते आपला फ्रीझर कुणालाही उघडू देत नाहीत. दुसरीच्या बाई रक्तातलं औषधाचं प्रमाण मोजतात. (त्या मला पाठीमागे काय म्हणतात, ते मी विचारलेलं नाही.) अर्ज चाळीस पानांचा झाला. कुणाचं नाव आधी यावं यात अकरा दिवस गेले. वयाने ठरवू म्हटलं, तर बाई वय सांगेनात.

मुलाखतीला समोर पाच जण होते. चार तज्ज्ञांपुढे आम्ही छान पोपटपंची केली. पाचवे एक बस ड्रायव्हर, पालकांचे प्रतिनिधी. त्यांनी तासभर सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सगळं मिळून पोराला सुया किती टोचणार?" आम्ही तिघांनी घाईघाईने आपापली पानं उलटली. माझ्या पानांत तीन, कुलूपरावांच्या चार, बाईंच्या सहा, आणि सगळ्या वेगवेगळ्या दिवशी. तिघांच्या डोक्यावर पदव्यांचं ओझं, पण ही बेरीज कुणीच केली नव्हती! "माझ्या मुलीला दोनशे अकरा टोचल्या, मी मोजल्यात," ते म्हणाले. "ती गेली. पण त्या तिच्या उपचाराच्या होत्या, म्हणून मी तिचा हात धरून बसायचो. तुमच्या तेरा कशाच्या?" ताई, मला इतकी लाज वाटली की काय सांगू. आठ दिवसांची मुदत मिळाली.

उत्तर सोपं होतं. उपचारासाठी सुई टोचतातच, तेव्हाच थोडं रक्त जास्त घ्यायचं आणि तीन नळ्यांत वाटायचं. जादा सुई एकही नाही. पण पहिली नळी कुणाची यावरून आम्ही असे हमरीतुमरीवर आलो की शिपायाने येऊन दार लावून घेतलं. शेवटी बाईंनी कबूल केलं की असू दे हाताशी म्हणून त्यांनी दुप्पट रक्त मागितलं होतं. मग कुलूपरावांनीही कबूल केलं, मग मीही. तिघांचं मिळून चमचाभर निघालं. फक्त पहिल्याच फटक्यात शीर सापडायला हवी, नाहीतर दुसरी सुई आमच्यामुळे टोचावी लागणार. हे किती अवघड आहे ते कळावं म्हणून कुलूपरावांनी माझ्यावर प्रयोग केला. चार प्रयत्नांत त्यांना माझा शर्ट सापडला.

असो. निधी मंजूर झालाय. तब्येतीला जप.

तुझा धाकटा

ता. क. इथल्या नर्स गुणी आहेत, पण बारक्या हातातली नाजूक शीर बघून बिचकतात. दोन महिने येऊन त्यांना शिकवशील का? जिना चढावा लागणार नाही, पाठीला टेकायची खुर्ची मी स्वतः आणलीय.

ता. क. दुसरा. सुधारलेल्या अर्जात 'प्रशिक्षण कोण देणार' या रकान्यात मी तुझं नाव आधीच लिहून टाकलंय. तुला न विचारता. रागव, बोलू नकोस, पण ये.

ता. क. तिसरा, आणि हे आधीच लिहायला हवं होतं. ड्रायव्हरदादांनी त्या नावावर बोट ठेवून विचारलं, या कोण? माझी बहीण, मी म्हटलं. त्यांनी ते नाव पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाले, "यांची ड्यूटी असली की आमची पोर आपणहून हात पुढे करायची." आणि त्यांनी सही केली.