करमाड टाकलं, करमाड आलं

सर, तुमची सीडी काल उघडली आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. काकूंनीच बोलावून घेतलं होतं. औरंगपुऱ्यातली आपल्या ऑफिसची इमारत पाडून तिथं मोठं कॉम्प्लेक्स होणार आहे, म्हणून वरच्या खोलीतलं सगळं सामान तुमच्या घरी येऊन पडलंय. "तुझ्या कामाचं काही असंल तर ने बाई, नाही तर भंगारात देते," काकू म्हणाल्या. सीडीवर तुमच्या अक्षरात लिहिलेलं, 'टँकर यादी, जुनी'. खरं सांगते, मला हसू आलं. म्हटलं, चला, सरांची ती प्रसिद्ध चूक एकदा डोळ्यांनी बघू तरी.

प्रसिद्ध का, तेही सांगून टाकते. मी आता शेंद्र्याच्या एका कंपनीत नव्या पोरापोरींना डेटाबेस शिकवते, आणि दर बॅचला पहिल्या दिवशी तुमची गोष्ट सांगते. आमचे एक सर होते, लई हुशार, पण एक ओळ न तपासता लिहिली आणि ऐन दुष्काळात एक आख्खं गाव टँकरच्या यादीतून गायब केलं. पोरं हसतात. मग मी आवाज चढवून म्हणते, हसू नका, तपासायची सवय लावा. इतकी वर्षं तुमच्या जिवावर शहाणपण मिरवलं मी.

त्या उन्हाळ्यात मी काम शिकायला रोज करमाडहून एसटीनं यायची. आपल्याकडं दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि कोपऱ्यात झाकून ठेवलेला माठ. तालुक्यातल्या गावांच्या टँकरच्या मागण्या चिठ्ठ्यांवर यायच्या, त्या फॉर्ममध्ये भरायच्या, 'आजची यादी' हे बटण दाबायचं आणि कागद टँकर भरायच्या ठिकाणी पाठवायचा. यादीत ज्याचं नाव, त्याला पाणी. पहिल्याच आठवड्यात मी तुमचं टेबल आवरलं आणि जुन्या वाटल्या त्या चिठ्ठ्या फेकून दिल्या, तेव्हा केवढे ओरडला होतात! "पुसायच्या आधी विचारत जा गं पोरी!" माठापाशी तोंड करून रडले होते मी. मग तुम्हीच तांब्या भरून पुढं केलात आणि कचऱ्याच्या डब्यातून एकेक चिठ्ठी काढून सरळ करत बसलात.

तुम्ही लग्नाला खुलताबादला गेला होतात, त्या दोन दिवसांत मी यादी साफ करायला घेतली. गावांची नावं जो तो आपल्या मर्जीनं लिही, कुणी शेवटी टिंब देई, कुणी मोकळी जागा सोडी, आणि यादी गोळा करणाऱ्या क्वेरीत एकच गाव तीनदा दिसे. मी डोकं लावून कोडमध्ये एक ओळ घातली, शेवटची ती नको असलेली टिंबं नि जागा काढणारी. तपासलीही, बरं का! माझंच गाव घालून बघितलं. करमाड टाकलं, करमाड आलं. झालं की! तुम्ही परत आलात, कागद बघून म्हणालात, "छान दिसतीय यादी," आणि लग्नातला बुंदीचा लाडू माझ्या हातावर ठेवलात. मी दिवसभर हवेत.

आठ दिवसांनी जिना चढून पाच-सहा बायका आल्या, हातात रिकामे हंडे. पुढची म्हातारी दम खात दारातच उभी. "आमचं गाव कुठं गेलं रं बाबा? बुद्रुकला रोज गाडी येती. आमचं खुर्द काय मेलं व्हय?" तुम्ही स्क्रीनकडं वळता. मी तुमच्या खुर्चीमागं उभी आहे. तुम्ही यादी बघता, मग कोड उघडता, आणि तेच पान खाली-वर फिरवत राहता. मला वाटतं, सरांना सापडत नाहीये. मग तुम्ही उठून हात जोडता. "चूक माझी हाय, माय. आजच गाडी येईल." म्हातारी हंडा उचलून जिना उतरली. पुढं ते काम आपल्याकडून गेलं, दोन महिन्यांत तुम्ही ऑफिस बंद केलंत. मला मात्र ओळखीनं दुसरीकडं चिकटवून दिलंत. तिसऱ्या वर्षी तुम्ही गेलात. तुमच्या मातीला आले तेव्हाही माझ्या मनात हेच की माणूस देवासारखा, पण कामात ढिला.

काल फाइल धड उघडेना. आधी कॉम्प्युटरनं फाइलीतला मॅक्रो अडवला, त्याला परवानगी दिली. मग क्वेरी एका रकान्याचं नाव विचारत बसली, ते जुळवलं. मग बटणाचा कोड अडला, म्हणून एकेक ओळ चालवत निघाले. चालू ओळ पिवळी होते, ती एका ठिकाणी एक ओळ सोडून पुढं गेली. पुढं अवतरणचिन्ह घालून बंद केलेली ओळ होती ती. तिच्यात गावाचं नाव धरून ठेवणाऱ्या व्हेरिएबललाच नाव दिलेलं, करमाड. अगं बाई! तुमच्या कोडात करमाड कशाला येईल, सर? ती माझी ओळ. ती नुसतं टिंब काढत नव्हती, शेवटच्या मोकळ्या जागेपासून पुढचं सगळं छाटत होती. करमाड एका शब्दाचं, त्याला काय होणार? पण खुर्द गेलं, बुद्रुक गेलं, मागं एकच नाव उरलं आणि क्वेरीनं दोन गावांचं एक गाव केलं. मी खेड्यातली पोर, खुर्द-बुद्रुक ऐकत वाढलेली. आणि मीच ते पुसलं.

खाली तुम्ही रोमन अक्षरांत मराठी लिहिलंय. 'ही ओळ बंद केली. पोरीला सांगू नये. चांगली शिकते आहे.'

राग आला तुमचा, आजही आहे. चार चिठ्ठ्यांसाठी एवढे ओरडलात, आणि एका गावाच्या पाण्यासाठी एक शब्द नाही? ओरडायचं होतं ना, सर. माठ तिथंच होता, रडले असते.

आज नवी बॅच होती. गोष्ट सांगायला उभी राहिले आणि 'आमचे एक सर' तोंडातून निघेना. म्हणाले, एक पोरगी होती, तिनं चूक केली, सरांनी अंगावर घेतली. आज कुणी हसलं नाही. मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, मग त्या पोरीचं पुढं काय झालं?"

मी म्हणाले, माहीत नाही.