भुवयांनी दिलेला होकार

प्रति,
मा. प्राथमिक शिक्षणाधिकारी,
बाहेरची बेटे विभाग, टोंगा.

विषय : आमच्या शाळेतील विज्ञानाचा वर्ग बंद न करण्याबाबत.
संदर्भ : 'मुलांना विज्ञान शिकण्याची इच्छा नाही' हा तपासनीसांचा अहवाल.

महोदय,

मी, मेलेआने फिफिता, चर्चच्या गायनमेळ्याची प्रमुख, सविनय अर्ज करते. साहेब, खुर्ची जरा जवळ ओढा, झाली गोष्ट सांगते.

१. आपले तपासनीस परदेशातले. त्यांनी तिसरीच्या वर्गाला विचारले, "विज्ञान आवडतं का?" सगळ्या मुलांनी भुवया उंचावल्या. आपल्याकडे होकार असाच देतात, हे आपणांस सांगणे नलगे. त्यांना वाटले, पोरे चकित झाली. "अरे, तोंडं शिवलीत का तुमची?" त्यावरही भुवया वरच गेल्या, कारण वडीलधाऱ्यांना 'नाही' म्हणायचे नसते. अहवालात शेरा पडला : 'आवड शून्य.'

२. मग विज्ञान शिकवणाऱ्या तालियाउली गुरुजींनी मुलांकडून मोठ्याने 'होय' म्हणण्याचा सराव करून घेतला. आमच्या लेकरांना प्रवचनसुद्धा गाऊन सांगितले तरच डोक्यात शिरते, म्हणून चाल मी लावली. दुसऱ्या तपासणीत प्रश्न येताच अख्खा वर्ग चार सुरांत "होऽऽय" गायला. शेरा : 'उत्तरे पढवलेली.'

३. आता वर्ग बंद करण्याचा आदेश निघाला की महिनाअखेरच्या बोटीने गुरुजी आणि शाळेचा एकुलता सूक्ष्मदर्शक, दोन्ही परत जाणार. माझ्या बहिणीची नात सेलूपे रोज करवंटीत समुद्राचे पाणी आणून त्याखाली बघायची. "आजी, थेंबात पाय झाडणारे जीव आहेत!" मी म्हटले, "देवाचीच लेकरं ती." तर म्हणते, "एवढी बारीक घडवायला देवाला पण काच लागली असेल."

तीच पोर आता कपाळावर तळहात दाबून बसते. काल विचारत होती, "आजी, माझ्या भुवयांमुळे गुरुजी चाललेत ना?" मी तिचा हात कपाळावरून काढला आणि हा अर्ज लिहायला बसले.

तरी विनंती, की बोट थांबवावी आणि आपण स्वतः वर्गात येऊन बसावे. काही विचारू नये, नुसते बघावे. येणे जमत नसेल, तर रविवारी प्रार्थनेला डोळे मिटाल तेव्हा माझ्या सेलूपेला आठवा, आणि सोमवारी त्या आदेशावर सही करायची की नाही ते ठरवा.

आपली नम्र,
मेलेआने फिफिता
दिनांक : ९ ऑगस्ट

सोबत : सर्व पालकांच्या सह्या.