गाडीच बिघडेल शे

पाचोरा

प्रिय दिपमाला,

पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकू नकोस. तुझे नाना जेवतात, फिरायला जातात, सकाळी पेपर मोठ्यानं वाचून दाखवतात. गाडी दुरुस्त झाल्याचं तर ते तुला दर फोनला सांगतात. पण ते सांगतात ती त्यांची बाजू. शेजारच्या सीटवर बसलेल्या बाईची बाजू तुला कोणी सांगितलेली नाही.

उन्हाळा लागला तशी गाडी चालता चालता बंद पडायला लागली. आधी समोरचा इंजिनच्या फेऱ्यांचा काटा एकदम शून्यावर यायचा, मग इंजिन गप्प. नाना कडेला घ्यायचे, आम्ही बाभळीखाली बसायचो, आणि थोड्या वेळानं चावी फिरवली की जणू काही झालंच नाही अशी सुरू व्हायची. भिकनच्या गॅरेजला किती चकरा झाल्या. त्यानं पेट्रोलचा पंप बदलला, प्लग बदलले, कुठलासा सेन्सर बदलला. पण त्याच्यासमोर ती एकदाही बंद पडली नाही. शेवटी एक दिवस त्यानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "काकू, नाना क्लच दाबाले भुलतस का हो?"

तुझ्या भावाचं, नीलेशचंही तेच. पुण्याहून फोनवर म्हणाला, वय झालं त्यांचं, विकून टाका ती गाडी. मी त्याच्यावर चिडले. भिकनवर मात्र चिडता आलं नाही. त्याच आठवड्यात नानांनी पेपरवाल्या पोऱ्याला तुझ्या धाकट्या काकांच्या नावानं हाक मारली होती. काका जाऊन किती वर्षं झाली, तुला माहीत आहे. मी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण तेव्हापासून गाडीत बसले की रस्त्याकडे बघायचं सोडून मी त्यांच्या पायांकडे बघायची. क्लच, ब्रेक, क्लच. मला चालवता येत नाही, तरी बघायची.

मग त्यांना कोणीतरी धुळ्याच्या जितेंद्रचं नाव सांगितलं. तो गाड्यांचं फक्त वायरिंगचं आणि कॉम्प्युटरचं काम करतो. नाना म्हणाले, भर दुपारी निघू, म्हणजे त्याच्या डोळ्यांदेखत बंद पडेल. मे महिन्यातलं ऊन, आणि हा माणूस मुद्दाम बाराच्या ठोक्याला निघाला. भडगाव गेलं, पारोळा गेलं, गाडी शहाण्यासारखी चालली. मुकटीच्या पुढे एक कडब्याचा ट्रॅक्टर होता. त्याला ओलांडायला नानांनी गाडी उजवीकडे घेतली, आणि बरोबर त्याच्या शेजारी असताना काटा पडला.

मागून कंटेनर येत होता. त्याचा हॉर्न माझ्या पाठीत शिरला बघ. डाव्या हाताला कडबा, इतका जवळ की खिडकीतून धाटं ओढता आली असती. मी डोळे मिटले नाहीत. मला त्यांचे पाय बघायचे होते. त्यांनी गिअर काढला, ट्रॅक्टर पुढे जाऊ दिला, इंडिकेटर दिला, आणि जड झालेलं स्टेअरिंग दोन्ही हातांनी ओढत गाडी मातीत उतरवली. एक चूक नाही. कंटेनर आम्हाला हलवून निघून गेला. धूळ बसल्यावर ते काट्याकडे बोट करून म्हणाले, "देख. गाडीच बिघडेल शे. मी नही." त्यांचे डोळे भरले होते. भिकननं मला काय विचारलं ते त्यांनी ऐकलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

जितेंद्रकडे पोचेपर्यंत गाडी पुन्हा शहाणी झाली. त्यानं मशीन लावलं, सगळं ठीक. नानांचा चेहरा उतरला. पण तो पोरगा चिवट. म्हणाला, इंजिनला किती पेट्रोल द्यायचं, ठिणगी कधी टाकायची, हे सगळं ज्यावर चालतं तो एक डबा असतो, इंजिनचा कॉम्प्युटर. त्याला तापवून बघू. त्यानं बॉनेट उघडलं, इंजिन सुरू ठेवलं आणि केस वाळवायचं मशीन त्या डब्यावर धरलं. दिपा, मी आयुष्यात देवाकडे खूप काही मागितलं, पण काहीतरी बिघडू दे म्हणून त्या दिवशी पहिल्यांदा मागितलं. बराच वेळ काही होईना. मग काटा पडला. इंजिन बंद. जितेंद्र म्हणाला, "नाना, तुमचंच खरं. आतला टाका सुटलाय, तापला की जोड तुटतो." नाना इतक्या मोठ्यानं हसले की समोरच्या टायरवाल्यानं वळून पाहिलं.

नवीन डबा आता या गाडीला मिळत नाही. त्याच मॉडेलच्या भंगारात निघालेल्या गाडीचा मिळाला. तो बसवायला आम्ही पुन्हा गेलो. पहिल्यांदा चावी फिरवली तर इंजिन सुरूच होईना. जितेंद्रनं लॅपटॉप लावून आपल्या चावीची ओळख त्या डब्यात भरली तेव्हा कुठे सुरू झालं. त्यानं तो डबाही तसाच तापवून पाहिला. काटा हलला नाही. मी धुळ्यातूनच पेढे घेतले आणि गल्लीभर वाटले. लोक विचारत, कशाचे? मी म्हणायची, गाडीचे. मी कशाचे वाटत होते, ते माझं मला माहीत.

मागच्या आठवड्यात भडगावला एका सांत्वनाला गेलो होतो. येताना नानांनी पाटाचा रस्ता धरला. ज्या पाटावर त्यांनी सगळी नोकरी काढली, ज्याची प्रत्येक मोरी त्यांना पाठ, तो रस्ता. फाट्यावर त्यांनी गाडी थांबवली. इंजिन सुरू होतं, कुठे खरखर नाही. मला वाटलं, कोणाला वाट देतायत. रस्त्यावर कोणी नव्हतं. त्यांनी दोन्हीकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, "आपले कोठे जानं शे?" मी म्हटलं, घरी. ते म्हणाले, "कोनतं घर?" त्या आवाजात घाबरणं नव्हतं ग. परक्या बाईला अदबीनं विचारावं, तसं विचारलं. मी म्हटलं, डावीकडे घ्या. पुढे म्हटलं, सरळ. असं सांगत सांगत घरी आणलं. दारात उतरल्यावर शेजारच्यांना म्हणाले, गाडी आता लोण्यासारखी चालते.

हे फोनवर सांगता येत नाही, तुझा फोन आला की ते शेजारी येऊन बसतात. त्या दिवसापासून चावी मी लपवली आहे. ते सगळं घर धुंडाळतात, आणि मी त्यांच्याबरोबर शोधल्याचं सोंग करते. काल कपाळावर हात मारून म्हणाले, "मीच कोठेतरी ठेवी दिधी व्हई." हे माझ्याच्यानं बघवत नाही. म्हणून लवकर ये. डॉक्टरांकडे नेऊच, पण त्याआधी एक कर. गाडी विकायचं नाव काढू नकोस. जेवताना सहज हट्ट धर, नाना, आईला गाडी शिकवा म्हणून. क्लासला मी जाईन, लायसन्स काढीन, या वयात लोक हसले तर हसू देत. पण शिकवलं नानांनी, असंच सगळ्यांना सांगायचं. एकदा मी त्या सीटवर बसले की ते माझ्या शेजारी बसतील, क्लच दाब, आरसा बघ म्हणून ओरडतील, आणि चावी त्यांच्याकडून कोणी काढून घेतली असं त्यांना कधी वाटणार नाही.

तुझीच,
आई