तळाला लागलेलं सूप

५ मार्च

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. चष्म्याचं दुकान चालू आहे.

पत्रास कारण, पुढच्या रविवारी हिला जाऊन वर्ष होईल. लेक येणार आहे. वर्षभरात ती दोनदा आली, पण दोन्ही वेळा बाहेर जेवून आली आणि स्वयंपाकघरात पाऊल न टाकता परत गेली. या वेळी मात्र तिने फोनवर आपणहून सांगितलं की आईचं बटाट्याचं सूप करून ठेवा, मी जेवेन. मी हिचं सूप आयुष्यभर प्यायलो, करताना कधी पाहिलं नाही. तुम्ही हिची थोरली बहीण. कृती कळवावी.

आपला,
चष्मेवाला

७ मार्च

श्री. भावोजी यांस,
स. न. वि. वि.

कृती आमच्या आईची, अगदी सोपी. लोण्यावर कांदा मऊ करा, बटाट्याच्या फोडी नि पाणी घाला, शिजलं की घोटा. दूध शेवटी, मिरी वरून. मग मंद आचेवर ठेवून द्या. आणि फोडी भिंगाखाली धरून मापत बसू नका, तुमचा काही नेम नाही!

गुडघे सोडले तर मी ठणठणीत आहे. लेकीला माझा पापा.

तुमची,
थोरली मेहुणी

९ मार्च

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

केलं. पांढरंशुभ्र, चवीला उत्तम. शेजारीण वाटी पुसून गेली. पण हे हिचं नव्हे. हिचं जरा तपकिरी असायचं, मागे धुरकट चव राहायची. काही मसाला घालत असे का? हे पांढरं सूप पुढे ठेवलं तर लेक दोन चमचे घेईल, छान झालंय म्हणेल आणि परत यायची नाही. आठवून पाहावं.

आपला,
चष्मेवाला

११ मार्च

श्री. भावोजी यांस,
स. न. वि. वि.

वाचून इतकी हसले की सुनेला वाटलं ठसका लागला. अहो, मसाला कसला? ते लागलेलं सूप! धाकटी तुम्हाला जेवायला बोलवायला खाली दुकानात यायची आणि स्टुलावर बसून गप्पांत रमायची. वर भांडं तळाला लागायचं. मी तुमच्याकडे राहिले होते तेव्हा म्हटलं, निदान शेगडी तरी बंद करून जात जा. तर म्हणाली, बंद केली तर वर यायची आठवण कोण करून देईल? वास आला की उठायची. आणि तुम्ही इतकी वर्षं त्या वासाला जेवण तयार झाल्याची खूण समजत होतात! धन्य आहे.

लोभ आहेच, तो मंद आचेवर ठेवावा.

तुमची,
थोरली मेहुणी

१६ मार्च

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

शनिवारी रंगीत तालीम केली. सूप वर ठेवून खाली येऊन बसलो. सारखा वास घेत होतो, सारखा जिना चढत होतो. लागलं नाही. एकट्याने ते जमत नाही.

रविवारी लेक आली, स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहिली. सूप शेगडीवर होतं. तेवढ्यात चष्म्याची काडी तुटलेलं एक गिऱ्हाईक आलं म्हणून मी खाली गेलो. गिऱ्हाईक गेलं, मी काड्यांचा डबा आवरत बसलो. थोड्या वेळाने लेक जेवायला बोलवायला खाली आली. ढवळण्याचा चमचा हातातच होता. उभ्याउभ्या काहीतरी सांगू लागली, मग स्टुलावर बसली. नव्या ऑफिसातले साहेब, घरमालकिणीचं मांजर, वर्षभराचं साठलेलं सगळं निघालं. मी काडीचा स्क्रू शोधत ऐकत होतो.

वास आला. तिलाही आला. अगंबाई, असं म्हणाली, थेट हिच्यासारखं. पण ताई, लगेच उठलं कोणीच नाही.

जेवताना तिने तिसऱ्यांदा वाढून घेतलं, शेवटी खरवडही काढून खाल्ली. पुढच्या महिन्यात येते म्हणाली. भांडं भिजत घातलं आहे.

आपला लोभ आहेच. तळाला लागला तरी चालेल.

आपला,
चष्मेवाला