साइड स्टँडखाली गोटा न ठेवण्याविषयी

एटापल्ली,
ता. २ मे १९८६

प्रिय देवाजीभाऊ यांस,

तुमच्या भाटव्याचा सप्रेम जयभीम. तुमची प्रकृती ठीक असेल असे धरून चालतो, कारण ठीक नसती तर तुम्ही लगेच कळवले असते; ठीक असली की तुमचे पत्र येत नाही, हा माझा जुना अनुभव आहे. आईंच्या गुडघ्यांना उन्हाळ्यात जरा आराम पडत असेल (गुडघा म्हणजे शेवटी बिजागरीच; तेल, ऊब आणि कमी वजन यापलीकडे तिला औषध नाही, पण डॉक्टरला हे सांगायची सोय नसते). इकडे चक्की चालू आहे. पट्टा नवा टाकला, अर्थात मीच टाकला. घरात एकटा असल्यामुळे भाजीत मीठ दोनदा पडते किंवा पडतच नाही, पण पत्र त्यासाठी लिहीत नाही. तुमची बहीण माझा संसार सोडून पंधरवड्यापासून तुमच्याकडे आहे, आणि जाताना बजावून गेली आहे की गाडीच्या साइड स्टँडखाली गोटा ठेवीन असे मी तोंडाने कबूल केल्याशिवाय ती या घरात पाय ठेवणार नाही. झालेला प्रकार तिने तुम्हाला सांगितलाच असेल. तो अपुरा सांगितला असणार. यंत्राची बाजू तिने मांडली नसेल, म्हणून ती मी मांडतो.

माझ्या फटफटीला मोठा स्टँड नाही हे तुम्ही जाणता. आधीच्या मालकाने तो काढून टाकला होता, का ते त्याचे त्याला ठाऊक (वजन कमी करून पेट्रोल वाचवण्याचा विचार असावा, अशी डोकी या तालुक्यात पुष्कळ आहेत). तेव्हा सगळी भिस्त साइड स्टँडवर. तो ज्या पिनेवर फिरतो ती पीन झिजली, तिचे भोक गोलाचे लांबट झाले, आणि स्टँड जिथे थांबायला हवा त्याच्या पुढे जाऊ लागला. परिणामी गाडी डावीकडे अशी कलायची की बघणाऱ्याने आपणहून हात पुढे करावा. खालची टोकाची पट्टीही झिजून पत्र्यासारखी झाली होती, ती जमिनीत रुतायची. रोग असा स्पष्ट होता. पण आपल्याकडे रोग बरा करायची चाल नाही, त्याच्याखाली गोटा ठेवायची चाल आहे. एटापल्लीत ज्याच्याकडे गाडी आहे त्याच्याकडे गोटा आहे. एक कारकून तर आपला गोटा फडक्यात गुंडाळून डिकीत घेऊन फिरतो. गाडी थांबली की खाली वाकून, दोन्ही हातांनी तो स्टँडखाली सरकवतो. शेंदूर तेवढा लावायचा बाकी आहे. मी तुमच्या बहिणीला म्हणालो की छप्पन साली आपल्या वडिलांनी घरातले दगड नदीत सोडले, ते काय मी आता गाडीखाली पुजायला? त्यावर ती म्हणाली, "देवाचे गोटे सोडले जी. चुलीचे सोडले काय?" या बोलण्याला तुमच्या घरात हुशारी म्हणतात. मी तिला तर्काचा अभाव म्हणतो.

मग तुमच्या शब्दाखातर मी तुमच्या आलापल्लीला वहाब मिस्त्रीकडे गेलो. माणूस वाईट नाही, पण मापाचा शत्रू आहे. भोक मोठे करून आत पितळी बुश बसव, पीन नवी खरादून घे, दोन्ही बाजूंना वॉशर घाल, स्प्रिंग बदल आणि टोकाला जाड पट्टी झाळून लांबी वाढव, असे मी त्याला नीट सांगितले. तो म्हणाला, "लटारूभाऊ, काहे को इतना? थोडा वेल्डिंग मारतो, नीचे गोटा लगा लो, गाडी तुमच्या नातवाले पुरते." म्हणजे हाही गोट्यावरच आला! मी त्याच्या दुकानातली एकुलती एक सपाट फरशी झाडून घेतली, गाडी तिच्यावर घेतली, चाकांतली हवा तपासली, आणि माझा ओळंबा व कोनमापक लावून स्टँडची लांबी ठरवली. वहाब बिडी ओढत बघत होता. "भाऊ, गाडी उभी करून राह्यले का देऊळ बांधून राह्यले?" असे त्याने विचारले. काम झाल्यावर गाडी अशी उभी राहिली की मी तिला ढकलून पाहिले, वहाबला ढकलायला लावले, आणि शेवटी रस्त्याने जाणाऱ्या दोन अनोळखी माणसांनाही बोलावले. ढकलून पाहायला त्यांना फार संकोच वाटला, पण गाडी हलली नाही.

आता त्या दिवसाचे. लालसू म्हणजे माझ्या चक्कीवर दळण आणणारा जंगलाकडच्या गावचा शेतकरी. त्याच्या मुलीचे लग्न होते. आहेराच्या भांड्यांची पेटी आणि तांदळाचा कट्टा मागे कॅरियरवर आवळून बांधला, मध्ये तुमची बहीण बसली, आणि आम्ही वेळेवर पोचलो. अंगणभर मोहफुले वाळत घातलेली होती, आम्हाला म्हणून त्यांतच एक जागा मोकळी केली होती. लालसू धावत आला तो काखेत चपटा गोटा घेऊन. "भाऊ, तुमच्या गाडीसाठी निवडून ठेवलो," म्हणाला. भाव चांगला होता, हे मी नाकारत नाही. पण मी त्याला तो परत न्यायला लावला, आणि जमलेल्या पाहुण्यांना बुश म्हणजे काय ते थोडक्यात समजावून सांगितले (तुमची बहीण म्हणेल थोडक्यात नव्हे; नवरदेव यायचा होता, वेळ भरपूर होता). ती तेवढ्यात खाली उतरून, उजव्या बाजूला जाऊन, वाकून पेटीची गाठ सोडत होती. गाडी आधी हळूच सरळ झाली, विचारात पडल्यासारखी क्षणभर थांबली, आणि उजवीकडे पडली.

तुमच्या बहिणीला काही लागले नाही. ती मागे सरकली आणि मोहफुलांत बसली, एवढेच. तिचा पदर हँडलखाली अडकला. तो आधी सोडवायला हवा होता असे आता सगळे म्हणतात. पण भाऊ, तुम्ही डेपोत लाकडाची मापे घेणारे आहात, तुम्हीच सांगा: आजवर ही गाडी डावीकडेच पडत आली होती. उजवीकडे पडणे हा अगदी वेगळा विषय आहे. तो जागच्या जागी पाहिला नाही तर पुन्हा कधी पाहणार? मी पिशवीतून कोनमापक काढला आणि तिला इतकेच म्हणालो की जरा हलू नको, हँडल सरकले तर कोन बदलेल. ती म्हणाली, "मी पदर फाडून उठू, का तुमचा कोन मोजून झाल्यावर उठू?" बायांमध्ये जो हशा पिकला तो नवरदेवाच्या वरातीलाही ऐकू गेला असेल. माझे वाचन पुरे होण्याआधीच लालसू आणि त्याचा भाऊ चैतू यांनी गाडी उचलली, म्हणजे पुरावाच नाहीसा केला. मग लालसूची बायको तोच गोटा घेऊन आली. ती देत होती तुमच्या बहिणीच्या हातात, माझ्या नव्हे, हे ध्यानात घ्या. तेव्हा मी जे सत्य होते ते सांगितले: आज गोटा ठेवला असता तर गाडी आणखी लवकर पडली असती. हे वाक्य शास्त्राला धरून आहे. या वाक्यानंतर, वर लिहिलेली अट सोडली तर, ती माझ्याशी बोललेली नाही. जेवण झाले, आणि ती तिथूनच पाहुण्यांच्या बैलबंडीत बसून तुमच्याकडे आली.

कारण मी घरी येऊन शोधले. माप माझे बरोबरच होते. बदलली ती गाडी. वहाबच्या फरशीवर ती रिकामी होती. मागे पेटी आणि कट्टा आल्यावर तिचा मागचा भाग दबला, गाडी खाली आली, स्टँड मात्र तेवढाच राहिला, म्हणून त्याने तिला उजवीकडे लोटले. हे समजल्यावर मी स्वतः करवतीने पट्टीचा फाजील भाग कापला. आता भरलेली गाडी अशी उभी राहते की पाहत राहावे. रिकामी मात्र डावीकडे निजते. म्हणून सध्या सीटवर गव्हाचा कट्टा कायम बांधून ठेवला आहे. चक्कीवर येणारा प्रत्येक जण "भाऊ, कुठी चालले?" म्हणून विचारतो, आणि समोरचा टपरीवाला पोचू तर काल म्हणाला, "कट्ट्यात अन् गोट्यात फरक काय जी?" मी त्याला सांगितले की कट्टा वर असतो आणि गोटा खाली. ज्याला एवढाही भेद कळत नाही त्याच्याशी मी वाद घालत नाही.

तेव्हा तुमच्या बहिणीची समजूत घाला. बुद्धपौर्णिमेला घर उघडे-बोडके दिसू नये. आईंना जयभीम, मुलांना आशीर्वाद.

आपला,
लटारू दुर्गे

ता. क. येत्या रविवारी मी तिला न्यायला येतो. ती मागे बसायची म्हणून कट्टा घरी ठेवावा लागेल, आणि कट्टा नसला की गाडी उभी राहत नाही, म्हणून मी गाडीवरून उतरणार नाही. भिंतीला टेकवून ठेवा असे सुचवू नका; भिंतीला म्हातारे टेकतात. चहा बाहेर आणून द्यावा. जावई दारातून परत गेला असे आईंना वाटू नये म्हणून पाय धुण्याचे पाणीही तिथेच आणावे. डावा पाय जमिनीवर गाडी धरून असेल, तो मिळणार नाही. उजवा धुवावा.

ता. क. चहा पिताना कपबशी धरायला दोन्ही हात लागतील आणि हँडल सुटेल, हे वरचे वाक्य लिहून झाल्यावर लक्षात आले. तेव्हा तुमच्या बहिणीने लालसूकडचा तो गोटा पिशवीतून तिकडे नेला असेल (तिच्या पिशवीत काय आहे हे मी कधी विचारत नाही), तर रविवारी तिने तो दारात आणून ठेवायला माझी हरकत नाही. फार जाड असेल तर वहाबकडून तासून घ्या. मी कापलेल्या पट्टीएवढीच जाडी हवी, म्हणून तो तुकडा पाकिटात घातला आहे. पत्र तिच्याच हातात द्या, ती आपली आपण वाचेल. घरात कोणी मोठ्याने वाचू नये. मी तोंडाने काहीही कबूल केलेले नाही.