राक्षसाच्या चालीचा अभ्यास

१ मार्च, रविवार
दुपारी रूपाली आणि तिच्या कॉलेजच्या मैत्रिणी लॅपटॉप टीव्हीला जोडून जपानी सिनेमा बघत होत्या. समुद्रातून बैल आणि मगर यांच्या मधलं एक जनावर निघतं. टेकडीएवढं. शहर तुडवतं आणि परत समुद्रात जातं. कथा एवढीच.
मी आत देवीचं स्तोत्र वाचत होतो. गोंगाटात लक्ष लागेना, म्हणून आवाज कमी करा सांगायला बाहेर गेलो. शेवट बघून उठलो. मुलगी काय बघते हे बापाला माहीत पाहिजे.
जनावराच्या पाठीला चेन होती. आत माणूस आहे हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं. रूपाली म्हणाली, "पप्पा, म्हणून तर बघतो."
विचार करण्यासारखं आहे. उद्यापासून करणार.

६ मार्च, शुक्रवार
गावाहून थोरल्या भावाचा, सावळीरामदादाचा फोन. त्याचा गुडघा पूर्ण गेला. डॉक्टर वाटी बदला म्हणतो. दादाला गुडघ्यापेक्षा आखाडीच्या सोंगांची काळजी. म्हैसासुराचं सोंग आजोबांपासून आमच्या घराचं आहे. आजोबांनी नाचवलं, मग बाबांनी, मग दादानं. यंदा कोण? दादाला दोन्ही मुली, मला एक. मुखवटा पुरुषानंच घालायचा, अशी गावाची रीत. गोटीरामचं घर टपून बसलंय. तुमच्याकडं माणूस नसंल तर सांगा, आम्ही घालतो, असं तो चावडीवर बोलला म्हणे. एकदा मान दुसऱ्या घरात गेला की परत येत नाही.
मी म्हणालो, मी घालतो.
दादानं मला ते पुन्हा म्हणायला लावलं. त्याला भरून आलं असावं. मग म्हणाला, "तू?"

८ मार्च, रविवार
निश्चय. सकाळी पाचला उठणे. प्राणायाम. जिना चढणे. मिसळ बंद. मला पन्नाशी गाठायला अजून अवकाश आहे. कंपनीच्या स्टोअरमध्ये दिवसभर उभं राहून पाय मुळात घट्ट झालेत. फक्त दम वाढवायचा आहे.
चाल शिकायला जपान्यांसारखे गुरू नाहीत हेही लक्षात आलं. रूपालीकडे मागून आणखी एक सिनेमा बघितला. करमणूक म्हणून नाही. यात खेकडा होता. एक बंदर आणि दोन पूल मोडले. खेकडा घाईत नसतो. पाय उचलतो, थांबतो, जणू विचार करतो, मग ठेवतो. भीती वाटते ती थांबण्याची. हे आमच्या गावात कोणाला माहीत नाही. दादा तर नुसता नाचायचा.
बायको छाया म्हणाली, सकाळी मिसळ खाल्लीत ना? ती निश्चयाच्या आधीची होती.

१२ मार्च, गुरुवार
तरुण लोकांना हे सिनेमे का आवडतात, याचं एक कारण आज सापडलं. संध्याकाळी द्वारका चौकात अडकलो होतो. पुढे ट्रक, मागे बस, बाजूला रिक्षावाला माझ्याकडे बघून हॉर्न वाजवतोय, जणू चौक मीच बांधला. तेव्हा मनात आलं, आत्ता एक मोठा पाय वरून यावा. कोणाला लागू नये. फक्त चौक जावा.
नंतर वाईट वाटलं. देवीचं नाव घेतलं. पण कारण खरं आहे. शहरात राहणाऱ्याला शहर दुसऱ्या कोणीतरी मोडलेलं हवं असतं. स्वतः मोडलं तर पोलीस येतात.
रूपालीला सांगितलं. ती म्हणाली, हे तुम्ही माझ्या मैत्रिणींना सांगा. मुलगी इतकं मनापासून दहावीनंतर पहिल्यांदाच बोलली.
पाचला उठणं झालं नाही. गजर सहाला लागला होता.

१९ मार्च, गुरुवार, पाडवा
साडेतीन मुहूर्तांपैकी एक. व्यायामाला आजच्यापेक्षा चांगला दिवस नाही. गुढी उभारली, नैवेद्याचं श्रीखंड झालं. सणाच्या दिवशी पोटावर ताण देणं योग्य नाही. उद्यापासून.

२० मार्च, शुक्रवार
सुरुवात केली. स्टोअरमधून रिकामी खोकी आणली, गच्चीवर रांगेत मांडली. हे शहर. डोक्याला उशी, उशीवर पितळी पातेलं, ते उपरण्यानं बांधलं. हा मुखवटा. पाय उचलायचा, थांबायचं, ठेवायचा. अर्धा रस्ता झाला तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या लताबाई वर आल्या. म्हणाल्या, "लहानूभाऊ, मसाला कांडताय का? माझ्या ओट्यावर पोपडे पडले." मग पातेलं दिसलं तशा काही न बोलता खाली गेल्या.
म्हणजे वजन बरोबर पडतंय.
थोडा वेळ खोक्यावर बसलो. खोकं बसलं.

२९ मार्च, रविवार
रूपालीच्या मैत्रिणी आल्या होत्या. सविता नावाची एक आहे, तिनं विचारलं, काका, आखाडी म्हणजे काय. मी सांगितलं. चैत्र-वैशाखात गावात देव-दानवांचे लाकडी मुखवटे घालून रात्रभर सोंगं निघतात, पुढे संबळ वाजतं. गणपती येतो, मारुती येतो, रावण येतो. शेवटी उजाडताना म्हैसासुर येतो आणि देवी त्याला मारते. देवीचा मुखवटा आमच्याकडे जयरामच्या घराचा, तोही पुरुषच, लुगडं नेसून. तिचा वार बसेपर्यंत म्हैसासुरानं मुखवटा उतरवायचा नाही. राक्षस मेला नाही तर गावाचं वर्ष सरत नाही.
सविता म्हणाली, म्हणजे हे आपल्याकडं आधीपासून होतं! मी म्हणालो, होतं, पण शास्त्रशुद्ध नव्हतं.
मग सगळ्यांनी मिळून गोमेचा सिनेमा बघितला. गोमेच्या आत एकापाठोपाठ एक माणसं असणार. पोरी आधी खूप हसल्या. शेवटी गोम मरताना कोणी हसलं नाही. सविता डोळे पुसत होती. मला वाटतं कॉम्प्युटरवर काढलेल्या राक्षसाला घाम येत नाही, म्हणून त्याची दया येत नाही. रूपाली म्हणाली, पप्पा, हे मीच तुम्हाला मागच्या रविवारी सांगितलं. असेल. विचार एकाच घरात फिरत असतात.
छाया आतून म्हणाली, "सोंग बाहेर नाचवायचंय ना? मग घरातलं जरा आवरा. खोकी गच्चीवरून उचला."

१ एप्रिल, बुधवार
रजा टाकून गडावर जाऊन आलो. सप्तशृंगीची परवानगी घेणं आवश्यक होतं. आयुष्यभर जिच्या पायाशी बसलो, तिच्याच समोर शिंगं घेऊन उभं राहायचं. बाबा दरवर्षी मुखवट्याला हात लावण्याआधी म्हणायचे, "आई, येतो गं. नीट मार." लहानपणी मला याचा अर्थ कळायचा नाही. आता कळतो असं वाटतं. राक्षसाचं काम येण्याचं आहे. बाकी तिचं.
चैत्राची गर्दी. खानदेशातून माणसं पायी आलेली, पायांना फडकी बांधलेली. मी पायऱ्यांनीच चढणार होतो. पण गुडघे राखणं आता माझ्या एकट्याचा प्रश्न नाही. ट्रॉलीनं गेलो. दर्शन उत्तम झालं.
वणीत उतरल्यावर भजी खाल्ली. मिसळ नाही.

५ एप्रिल, रविवार
दादाचा फोन. म्हणाला, "लहान्या, एकदा येऊन मुखवटा घालून बघ. लय जड हाय. आत वारा नाय. दिसायला नाकाच्या भोकातून दिसतं तेवढंच." मी सांगितलं, मुखवटा त्या दिवशीच डोक्यावर घेणार. आधी हाताळणं मला भक्तीला धरून वाटत नाही. दादा म्हणाला, "बाबा तर महिनाभर रोज घालून गोठ्यात फिरायचे." बाबांचा काळ वेगळा होता.
दादाची काळजी मी समजू शकतो. त्यानं एकही जपानी सिनेमा बघितलेला नाही.

१७ एप्रिल, शुक्रवार
बारा दिवस लिहिणं झालं नाही. अभ्यास चालू होता. एकूण सिनेमे मोजले नाहीत, पण छायाने रिमोट लपवला आहे. स्टोअरमध्ये जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर एक बघताना साहेब मागे येऊन उभे राहिले. मला वाटलं रागावतील. ते शेवटपर्यंत उभे राहिले. जाताना म्हणाले, पुलावरून परत जायला नको होतं त्यानं.
व्यायाम मनातल्या मनात करतो. त्याचाही शरीरावर परिणाम होतो असं वाचलं आहे.

२४ एप्रिल, शुक्रवार
नोकरदारांच्या सोयीसाठी गावानं आखाडी शनिवारी ठेवली आहे. उद्या आम्ही तिघं निघतो. रूपाली शूटिंग करणार आहे. तिनं मैत्रिणींना सांगितलंय की माझे पप्पा राक्षस आहेत. बसमध्ये कोणी ऐकलं तर काय म्हणेल, पण मला आनंद झाला.
मन शांत आहे. तयारी पूर्ण आहे. गोटीरामला उद्या कळेल.

२६ एप्रिल, रविवार, दुपार
गावातच आहे. ओसरीवर पडून लिहितोय. क्रमानं लिहितो, म्हणजे पुढे गैरसमज नको.
उजाडायच्या जरा आधी मुखवटा डोक्यावर चढवला. "आई, येतो गं," म्हणालो. आत बाबांच्या तंबाखूचा वास होता. इतक्या वर्षांनी. त्यामुळे सुरुवातीलाच माझा श्वास थोडा चुकला, याची नोंद कोणी घेतली नाही.
अंगणात उतरलो. गाव दोन्ही बाजूंनी उभं होतं. मी पाय उचलला. थांबलो. ठेवला. पाय उचलला. थांबलो. संबळवाला जवळ आला आणि मुखवट्याच्या नाकाशी तोंड आणून म्हणाला, "काका, सुरू कवा करायचं?" मी तेव्हा तिसऱ्या पावलावर होतो.
मग त्यानं वाजवायला घेतलं, आणि त्याचा वेग माझ्या पद्धतीशी जुळणारा नव्हता. मुखवटा एका बाजूला ओढू लागला. नाकाच्या भोकातून आधी लोकांच्या चपला दिसत होत्या, मग त्याही दिसेनात. मारुतीच्या पाराशी पोहोचलो आणि विचारपूर्वक बसलो. बसल्यावर मुखवटा उतरवला. उतरवला म्हणजे तो उतरला.
संबळ थांबलं. एक पोरगं ओरडलं, "म्हैसासुर मेला! देवी यायच्या आधीच मेला!"
जयराम अजून घरीच होता. त्याच्या लुगड्याला पिना लावणं चालू होतं. तो तसाच अर्ध्या निऱ्या हातात धरून पळत आला, देवीचा मुखवटा बगलेत, आणि म्हणाला, "आरं मग मी मारू कोणाला?" लोक हसले. लंकाबाई आजी हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "पाणी पाजा त्याला. पण मारल्याबिगर उठायचं नाय. वर्ष तसंच राह्यलं." मग हसणारेही गप्प झाले.
गोटीराम पुढे आला. वाईट बोलला नाही. खाली वाकून म्हणाला, "लहानूभाऊ, द्या इकडं." त्याचा हात मुखवट्याच्या शिंगावर होता. मला वाटतं मी शिंग सोडलं होतं.
दादा खुर्चीवर बसला होता. त्यानं काठी टाकली, आला, गोटीरामचा हात बाजूला केला आणि मुखवटा चढवला. वहिनी ओरडत होत्या, "आवो, डाक्टर काय बोलला!" तोवर झालं होतं.
दादा चालू लागला. उजवा पाय उचलला. थांबला, कारण डाव्यावर भार सहन होत नव्हता. आतून कण्हल्याचा आवाज आला आणि मुखवट्याच्या पोकळीत तो घुमला. मग पाय पडला. संबळवाल्यानं त्याच्या पावलाची वाट बघून एकच टोला दिला. पुन्हा पाय. पुन्हा वाट. पुढच्या रांगेतली पोरं मागे सरकली. लंकाबाईंनी हात जोडले. माझेही जोडले गेले, एका हातात पाण्याची बाटली होती तरी.
सूर्य वर आला तेव्हा जयरामनं वार केला. दादा पडला. तो खरंच पडला, उचलायला माणसं लागली. मुखवट्याखालून त्याचा चेहरा निघाला तो हसत होता.
हे नमूद करतो, की दादानं वापरलेली चाल माझीच होती.

२९ एप्रिल, बुधवार, नाशिक
मान आमच्याच घरात राहिला. गोटीराम स्वतः म्हणाला म्हणे, असला म्हैसासुर आमच्याच्यानं व्हायचा नाय. गावाची चार माणसं दादाकडे जाऊन बसली. विनंती अशी, की गुडघ्याचं ऑपरेशन शक्यतो करू नये. दादानं त्यांना सांगितलं, ऑपरेशन करणार, पण लंगडणं विसरणार नाही. मी फोनवर पुढच्या वर्षासाठी माझी तयारी कळवली. दादानं फोन वहिनींकडे दिला. त्यांनी पावसापाण्याची चौकशी केली.
रूपालीनं व्हिडिओ टाकला आहे. फक्त दादाचा भाग. माझा का नाही विचारलं, तर म्हणाली, "आईनं काढायला लावला." छाया म्हणाली, "तुमच्या स्टोअरमधली माणसं बघतात हो." हजारो लोकांनी बघितलाय. हे कुठल्या देशातलं आहे, आत कोण आहे, असं विचारतात. रूपालीनं लिहिलंय, माझे मोठे काका.
तसा मीही आहे व्हिडिओत. दादा पाराकडे वळला तेव्हा मी त्याच्या वाटेतून बाजूला झालो, तेवढं आलंय. बाजूलाच झालो. बाटली पडली, एक चप्पल राहिली, आणि पुढचं गोटीरामच्या ओट्यावर चढेपर्यंत दिसतं. त्याखाली सवितानं लिहिलंय, की राक्षस भारी आहेच, पण त्याला भिऊन पळणाऱ्या नागरिकाचं काम करणारे ते काका त्याहून जबरदस्त आहेत, एकदम जपानी.